मैदानावर आमची पोरे, लेखणी दुसऱ्याची

६ फेब्रुवारी २०२५ रोजी द्वारकानाथ संझगिरी गेले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही ही बातमी सांगितली, तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने विचारले, "कौन थे? लीडर थे क्या?" आम्ही म्हणालो, "नहीं, क्रिकेट पर लिखते थे. मराठी में." ते "अच्छा" म्हणाले आणि हजेरीपटात डोके घातले. हे सहकारी उर्दू वर्तमानपत्र न चुकता वाचतात. शमीने २०२३ च्या विश्वचषकात सात सामन्यांत चोवीस बळी घेतले हे त्यांना तोंडपाठ आहे. पण खेळावर लिहिणारा म्हणून एक माणूस असतो, त्या लिहिण्यात त्याचे आयुष्य जाते आणि तो गेल्यावर हजारो घरांत हळहळ होते, हे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांच्यावर रागावून आम्ही हा लेख लिहीत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. राग आहेच. फक्त त्या रागाचे पहिले धनी आम्ही स्वतः आहोत, आणि ते का, हे पुढे येईलच.

संझगिरी आम्हाला प्रथम भेटले ते शेंगदाण्याच्या पुडीवर. हिंगोलीतल्या किराणा दुकानात रद्दीच्या पुड्या बांधत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. मराठी म्हणजे एक विषय, त्यात पास व्हायचे आणि सुटायचे. पुडी उलगडली तर आत गावसकरवर अर्धा लेख, खालचा भाग फाटलेला. पाच-सात शब्द अडले. पण एवढे कळले की हा माणूस धावा मोजत नाही, गोष्ट सांगतो आहे. खेळपट्टीचे वर्णन चालू असताना मधेच एखादी नटी येते, एखादे गाणे येते, एखादा खाण्याचा पदार्थ येतो, आणि पुन्हा चेंडू पडतो. उरलेला अर्धा लेख वाचायला मिळावा म्हणून आम्ही त्या दुकानदाराकडून रद्दी चाळायची परवानगी मागितली. "कायकू रे, इम्तिहान है क्या?" असे तो विचारी. परीक्षा नव्हती, तरी वाचत होतो. आमचे मराठी जे काही झाले ते पाठ्यपुस्तकाने कमी आणि रद्दीने जास्त झाले, हे बी.एड. झालेल्या मास्तराने कबूल करायला हरकत नाही.

आता या माणसाचे आयुष्य पाहा. जन्म आणि बालपण दादरच्या हिंदू कॉलनीतले. रुईया महाविद्यालय, मग व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअरची पदवी. नोकरी मुंबई महानगरपालिकेत, पाणीपुरवठ्याच्या खात्यात. निवृत्त झाले २००८ साली, मोठ्या हुद्द्यावरून. म्हणजे ज्याला आपण पेशाने पत्रकार म्हणतो तसे ते नव्हते. दिवसा मुंबईच्या पाण्याचा हिशेब आणि उरलेल्या वेळात लेखन. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'दिनांक', 'श्री' यांसारख्या नियतकालिकांतून ते लिहू लागले. १९८३ साली कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, तेव्हा देशभर लोकांनी फटाके वाजवले आणि झोपले. संझगिरी आणि त्यांच्या मित्रांनी मात्र त्या आनंदातून 'एकच षटकार' हे मराठी पाक्षिक काढले. संदीप पाटील संपादक, संझगिरी कार्यकारी संपादक. पुढे वर्तमानपत्रांतील सदरे, विश्वचषकामागून विश्वचषकांचे दौरे, चाळीसच्या आसपास पुस्तके, सिनेमावरचे लेखन आणि रंगमंचावरचे कार्यक्रम. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कर्करोगाने गेले.

आम्ही त्यांचे भक्त नाही. त्यांचे जग दादर, शिवाजी पार्क, वानखेडे, लॉर्ड्स असे होते. त्यात कळमनुरी नव्हती, वसमत नव्हते, सेनगाव तर नव्हतेच. कबड्डी, खो-खो, कुस्तीची लाल माती त्यांच्या लेखनात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. तारेवरून कौतुकाकडे घसरण्याची सवयही होती. आवडत्या खेळाडूबद्दल लिहिताना उपमांचा पूर येई. पण एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. हा दादरचा ब्राह्मणी-मध्यमवर्गीय वळणाचा मराठी माणूस दिलीपकुमार, मधुबाला, रफी यांच्या वेडात वाढला, आणि ते वेड त्याने बेधडक आपल्या मराठीत आणले. उर्दू शब्द हवा वाटला तर उचलला. हा शब्द कोणाचा, हे गाणे कोणाचे, असे विचारत बसला नाही. आणि आम्ही? ज्या जिल्ह्यात नर्सी आहे, जिथे नामदेवांचे नाव घेत वारकरी येतात-जातात, त्या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या राहून आम्ही अजून विचारतो, "मराठी अपनी है क्या?"

संझगिरींच्या आधीचा रस्ता वि. वि. करमरकरांनी तयार केला होता. मूळचे नाशिकचे. मुंबईत १९६२ साली 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला आणि तिथे करमरकरांनी खेळाला जी जागा मिळवून दिली, ती त्यापूर्वी मराठी दैनिकात नव्हती. त्याआधी खेळाची बातमी म्हणजे उरलेल्या जागेत टाकायचा मजकूर. त्यांनी खेळाचे स्वतंत्र पान उभे केले, आणि त्या पानावर क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना मानाने बसवले. आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन केले. संघटनांमधल्या कारभाऱ्यांना प्रश्न विचारले. ६ मार्च २०२३ रोजी ते गेले. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये आम्हीसुद्धा काही बोललो नाही, कारण त्यांच्याविषयी आम्हाला तेव्हा धड माहिती नव्हती. राग स्वतःवर आहे म्हणालो त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण मोठे आहे.

२४ ऑक्टोबर २०२१. दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकाचा सामना झाला. पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवले. दहा गडी राखून, म्हणजे भारताच्या एकाही गोलंदाजाला बळी मिळाला नाही. तरी रात्रीतून शिव्या पडल्या त्या एकट्या महंमद शमीला. गद्दार म्हटले, पैसे घेतले म्हटले, पाकिस्तानात जा म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. रोजचा ओळखीचा माणूस, स्वभावाने वाईट नव्हे, हसत म्हणाला, "काय सर, काल खुशीत असाल!" आम्हीही हसलो. चहा संपवला, पैसे दिले, शाळेत गेलो. आदल्या रात्री आमच्या घरात भारत हरला म्हणून पोरांनी जेवायला नकार दिला होता, हे त्याला सांगता आले असते. सांगितले नाही. घरी येऊन लिहिता आले असते. लिहिले नाही. आमच्याजवळ मराठी होते, पदवी होती, कागद होता. सहा दिवसांनी विराट कोहलीने पत्रकार परिषदेत स्पष्ट शब्दांत सांगितले की धर्मावरून माणसाला लक्ष्य करण्याइतके हीन दुसरे काही नाही. आम्ही ते ऐकून टाळ्या वाजवल्या. आमच्या वतीने एक पंजाबी कप्तान बोलला आणि आम्ही त्याला दुवा दिली. यात त्याचा मोठेपणा आहे. आमचा काय आहे?

हे काही पहिल्यांदा झाले नव्हते. अब्बास अली बेग हे नाव आमच्या विद्यार्थ्यांना माहीत नाही. हैदराबादचा देखणा फलंदाज, ज्या हैदराबाद राज्यात आमची हिंगोली १९५६ पर्यंत होती. १९५९ साली इंग्लंडमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला पहिल्याच कसोटीत शतक. १९६० च्या आरंभी ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत अर्धशतक, आणि एका तरुणीने धावत मैदानात जाऊन त्याच्या गालाचे चुंबन घेतले. सगळा देश या पोरावर फिदा. त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानचा संघ आला. बेगच्या चार डावांत मिळून पन्नास धावासुद्धा झाल्या नाहीत. फलंदाज अपयशी ठरतो, हे क्रिकेटमध्ये रोज घडते. पण बेगला निनावी पत्रे आली. मुद्दाम खेळला नाही असा त्यांचा सूर. संघातून तो गेला आणि पुढे कसोटीत फारसा दिसलाच नाही. साठ वर्षांनी शमीच्या वाट्याला तेच आले. फरक एवढाच की पूर्वी तिकीट चिकटवावे लागे.

आणि हे एकाच बाजूने होते असे म्हणणाऱ्यांनी मार्च २०२५ आठवावा. चॅम्पियन्स करंडकाचा उपांत्य सामना दुबईत होता, महिना रमजानचा. शमी सीमारेषेजवळ पाणी की सरबत पिताना कॅमेऱ्यात दिसला. बरेलीच्या एका मौलानांनी लगेच त्याला गुन्हेगार ठरवले. घरापासून दूर प्रवासात असलेल्या माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, हे आमच्या मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. तीन-साडेतीन वर्षांच्या अंतराने एका माणसाला दोन अदालतींनी आरोपी केले. एकीने देशद्रोही म्हटले, दुसरीने दीनद्रोही. दोन्ही वेळा तो भारतासाठी चेंडू टाकत होता.

या दोन्ही वेळी मराठीत आमच्यातल्या किती जणांनी खेळाच्या पानासाठी लेख लिहिला? राजकीय लेख नव्हे. निषेधाचे पत्रक नव्हे, तशी पत्रके आमच्याकडे छापील मिळतात, नाव बदलले की झाले. खेळाचा लेख. शमीची सीम कशी सरळ राहते, मनगट कसे मागे राहते, त्या रात्री दुबईत दव पडल्यावर चेंडू हातात का राहत नव्हता, हे सांगणारा लेख. द्वेषाला असे उत्तर देता येते. "आम्हीही देशभक्त आहोत" असे म्हणणारा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःच जाऊन उभा राहतो. चेंडू का वळला हे समजावून सांगणाऱ्याला कोणी पिंजऱ्यात उभे करू शकत नाही, कारण तो साक्षीदार असतो, आणि जाणकार साक्षीदार असतो.

खेळावरच्या लेखणीने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी दोन जुन्या गोष्टी. मुंबईत धर्मावर आधारलेली क्रिकेट स्पर्धा भरत असे. हिंदूंचा संघ, मुसलमानांचा संघ, पारशांचा, युरोपियनांचा, आणि १९३७ पासून उरलेल्यांचा. त्याला पंचरंगी सामने म्हणत. गर्दी प्रचंड, पैसा प्रचंड. या स्पर्धेविरुद्ध 'बॉम्बे क्रॉनिकल' या इंग्रजी दैनिकाने मोहीम चालवली. त्याचे क्रीडा संपादक जे. सी. मैत्रा लिहीत राहिले, आणि दैनिकाचे संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनीही या स्पर्धेविरुद्ध मत दिले. १९४६ मध्ये ती बंद पडली. मैदानावर धर्माचे संघ नकोत, ही बाजू लावून धरणाऱ्या वर्तमानपत्राच्या संपादकाच्या खुर्चीवर एक मुसलमान होता, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नाही आणि आमच्या आठवणीतही नाही.

दुसरी गोष्ट दूरची आहे, पण आम्हाला ती घरची वाटते, कारण तिचा नायक शाळामास्तर होता. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादचे सी. एल. आर. जेम्स. शाळेत शिकवत, क्लबात क्रिकेट खेळत. १९३२ साली इंग्लंडला गेले आणि 'मँचेस्टर गार्डियन'साठी क्रिकेटवर लिहू लागले. वेस्ट इंडीजचा संघ बहुतांश काळ्या खेळाडूंचा, पण कप्तान मात्र गोराच, अशी रीत होती. जेम्स १९५८ साली मायदेशी परतले, 'द नेशन' या पत्राचे संपादक झाले आणि त्यांनी लिहिणे धरले, की फ्रँक वॉरेल कप्तान झाला पाहिजे. पुन्हा पुन्हा लिहिले. विनवणी नाही, वॉरेलचा खेळ, त्याची समज, त्याचा अनुभव मांडून लिहिले. १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर वॉरेल कप्तान म्हणून गेला. मास्तरांनी १९६३ साली लिहिलेले 'बियाँड अ बाउंडरी' हे पुस्तक आजही जगभर वाचतात.

हे आम्ही आमच्या मंडळींत बोलतो तेव्हा तीन उत्तरे मिळतात. पहिले, खेळ म्हणजे लहव-लइब, त्यात वेळ घालवणे बरे नव्हे, त्यावर लिहिणे तर त्याहून बरे नव्हे. हे सांगणारे बुजुर्ग भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी जोहरनंतर कुठे सापडतात ते मोहल्ल्यात सर्वांना माहीत आहे. प्रेषितांनी (स.) हजरत आयेशांसोबत धावण्याची शर्यत लावली होती, हे हदीसच्या ग्रंथांत आलेले आहे. तिरंदाजी आणि घोडेस्वारीची तारीफ आहे. यापुढे आम्ही या मुद्द्यावर बोलत नाही.

दुसरे उत्तर, आम्ही लिहिले तरी छापणार कोण? यात तथ्य आहे, आणि ते आम्ही झाकणार नाही. मराठीतले खेळाचे पान मुंबई-पुण्यातून निघते आणि वाटेत दमते. मराठवाड्यापर्यंत ते पोचते ते बहुधा एखाद्याने पदक आणल्यावरच. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे अडथळ्यांची शर्यत धावत होता, परभणीची ज्योती गवते मॅरेथॉन धावत होती, तेव्हा सुरुवातीची वर्षे त्यांच्यासोबत धावणारे पान नव्हते. ते दोघे मुसलमान नव्हते. तेव्हा प्रत्येक उपेक्षेला धर्माचे लेबल लावायची घाई करू नये. काही उपेक्षा निव्वळ अंतराच्या असतात. आणि त्यात आमचा हात किती असतो, याचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या मुलांनी तालुका पातळीवर कबड्डीचा अंतिम सामना जिंकला. आम्ही बातमी लिहिली, सुंदर अक्षरात, आणि चौथ्या दिवशी एका स्थानिक दैनिकाच्या कचेरीत नेऊन दिली. तिथला माणूस म्हणाला, "मास्तर, एवढी शिळी भाकरी कोण खाईल?" आम्ही घरी येऊन सांगितले, उर्दू शाळेची बातमी घेत नाहीत. मोहल्ल्याने ते लगेच मानले. पुढच्या वर्षी सामना संपला त्याच संध्याकाळी बातमी पाठवली. छापून आली. शाळेचे नाव चुकले होते, पण छापून आली.

तिसरे उत्तर आम्हाला सर्वांत जास्त टोचते, कारण ते आमच्या शिक्षकांकडून येते. "उर्दू मीडियम का बच्चा मराठी में क्या लिखेगा?" जो स्वतः मराठी शाळेत शिकला त्या श्रीरामपूरच्या झहीर खानचे उदाहरण दिले की म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी. सगळ्यांचीच गोष्ट वेगळी असते. पण मुद्दा मुलाच्या लायकीचा नाहीच. आम्ही वर्गात निबंध देतो 'पावसाळा', 'माझी आई', 'वृत्तपत्र बंद पडली तर'. मूल पाठ करते, उतरवते, आठ गुण घेते. ज्या विषयावर त्याला खरोखर काही सांगायचे आहे, तो विषय आम्ही त्याला देत नाही.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार. कबड्डीपटू. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डी लीग जिंकली. ग्रामीण महाराष्ट्रातला एक मराठी बोलणारा मुसलमान पोरगा पुण्याचा कप्तान म्हणून करंडक उचलतो, प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडतात, आणि त्या रात्री त्याचा धर्म कोणी विचारत नाही. करमरकरांनी ज्या खेळासाठी पानावर जागा मागितली तो हा खेळ. संझगिरींनी ज्या तऱ्हेने खेळाडूला घराघरांत नेले ती तऱ्हा या पोराच्या वाट्याला यायला हवी होती. आमच्या समाजाच्या मराठी नियतकालिकांत, ज्यात आम्ही स्वतः लिहितो, अस्लमवर एक धड लेख आम्ही वाचलेला नाही. आमच्या विशेषांकांत तलाक असतो, आरक्षण असते, दंगल असते, गझल असते. हे सगळे असायलाच हवे. पण आमची पोरे ज्यासाठी रोज संध्याकाळी गुडघे फोडून घेतात ते त्यात नसते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला तीन दशकांहून जास्त काळ लोटला. कवी झाले, कथाकार झाले, समीक्षक झाले. खेळावर लिहिणारा एक झाला नाही, आणि तो झाला नाही याची खंतही कुठल्या ठरावात आली नाही.

संझगिरी गेल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही नववीच्या वर्गाला सांगितले, रविवारी जो सामना खेळलात तो लिहून आणा. मराठीत. "सर, मराठीत कायकू? उर्दू में लिखते ना!" उर्दूतही लिहा म्हणालो, पण आधी मराठीत. बत्तीसपैकी अकरा जणांनी आणले. त्यातले सात जणांचे कोणत्या तरी समालोचनाची उतरवणूक होते. एका मुलाचे वेगळे होते. कयाधूच्या काठचे मैदान, दोन विटांचे यष्टी, शेवटच्या षटकात नऊ धावा हव्यात, आणि गोलंदाजी करणारा त्याचा सख्खा मोठा भाऊ, ज्याने सकाळीच त्याला अब्बांकडून मार खाऊ घातला होता. चेंडू कुठे पडला, भावाने नजर कशी टाळली, सगळे त्यात होते. आम्ही लाल पेन काढला. त्याने लिहिले होते, "चेंडू सीमेच्या पार गेली." उर्दूत गेंद स्त्रीलिंगी, म्हणून त्याचा चेंडूही गेली. पूर्ण पानात चेंडू सतरा वेळा गेली, आली, वळली, उसळली.

आम्ही सोळा ठिकाणी दुरुस्ती केली. एक जागा तशीच ठेवली, शेवटचा चेंडू. मग त्याला जवळ बसवून नीट नक्कल करून घेतली आणि वर तारीख घालायला लावली. शाळा सुटायला चाळीस मिनिटे होती, कचेरी सहाला बंद होते.